अंगण वाकडं

यंत्र बिघडलंय, असं आंबेखिंड आगारातले सगळे चालक म्हणत होते. यंत्र झकास चाललंय, असं म्हणणारा माणूस एकच होता आणि तो उत्कर्षाचा बाप होता. खरं तर तिथंच तिला शंका यायला हवी होती. बाजीराव शेलार यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही यंत्राची बाजू घेतलेली नव्हती. घरचा मिक्सर मसाल्याचा वास मारतो, वॉशिंग मशीन कपड्यांचा जीव घेतं, आणि फोनबद्दल ते जे बोलत ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तेच आप्पा आज फोनवरून पोरीच्या कंपनीचं कौतुक करत होते.

"उत्के, तुमचं यंत्र म्हंजी सोनं हाय सोनं! ही पोरं उगंच बोंबलायला लागल्यात. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"आप्पा, दसऱ्यानंतर आगारातले सगळे नापास झालेत. सगळे. तुम्ही सोडून."

"मग? वाघ एकच असतोय."

उत्कर्षानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. पुण्याच्या 'समतोल यंत्रणा' कंपनीत ती अंशांकनाचं काम करायची, म्हणजे यंत्राला त्याच्या चुका दाखवून ताळ्यावर आणायचं. माणसांना ताळ्यावर आणायची सोय कंपनीत नव्हती. दिवाळी तोंडावर आली होती, रजा मंजूर झाली होती, आणि नाडकर्णी साहेबांनी ती गोड हसून खाऊन टाकली. "आंबेखिंड तुझं गावच ना? मग घरचं जेवण आणि घरचंच काम. जाऊन ये." कंपनीचा लॉजचा खर्च वाचला, हे ते बोलले नाहीत इतकंच.

एव्हाना सपाटीवरच्या बस स्वतःच्या स्वतः धावत होत्या. चालकाच्या जागी कोणी नसे, आणि प्रवाशांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण घाटात धुकं उतरलं की गाडीचे यांत्रिक डोळे हात वर करायचे. "पुढचं दिसत नाही, कृपया चालकाने ताबा घ्यावा," असं म्हणून गाडी मोकळी. म्हणून घाटमाथा प्रवासी सहकारी संस्थेनं घाटापुरते माणसांचे चालक ठेवले होते, आणि पन्नास प्रवाशांचा जीव त्यांच्या हाती द्यायचा म्हणून दरवर्षी त्यांची परीक्षा घेतली जायची. ती घ्यायला जे यंत्र होतं त्याला कंपनीनं भारदस्त इंग्रजी नाव दिलेलं, पण आगारात सगळे त्याला हत्ती म्हणत. सहा पायांचा हत्ती.

एक जाड लोखंडी पाट, त्याला खालून सहा तिरके पाय, आणि पाटावर बसची खरीखुरी केबिन. प्रत्येक पाय आपापल्या परीनं लांब किंवा आखूड होतो. सहा पायांनी मिळून ठरवलं की पाट हवा तसा कलतो, वळतो, उचलतो, गचके खातो. समोरच्या पडद्यावर घाट दिसतो, बुडाखाली तो घाट जाणवतो. परीक्षेचा शेवटचा भाग धुक्याचा. पडद्यावर नुसता पांढरा काला, रस्त्याची कड चार हातांपलीकडे दिसत नाही. तेव्हा माणूस डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवतो. ऐकण्याच्या कानांनी नव्हे, तर कानाच्या आत खोल जी तोल सांभाळणारी नाजूक रचना असते तिच्या भरवशावर. गाडी कोणत्या अंगाला कलली हे ती शरीराला सांगत असते, आणि हात आपोआप स्टिअरिंग सावरतात.

भाद्रपदात ही परीक्षा झाली तेव्हा सगळे पास झाले होते आणि आप्पा नापास. घरात आठवडाभर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. दसऱ्यानंतर फेरपरीक्षा लागली. तिच्यात आप्पा अव्वल आले, आणि त्यांच्यासोबत दिवाळीच्या गर्दीआधीच्या उजळणीला बसलेले बाकीचे सगळे धुक्यात कडेला जाऊन आदळले. नापास झालेल्यांना घाट बंद. त्यामुळे या क्षणी अख्खा घाट आप्पांच्या एकट्याच्या खांद्यावर होता, आणि ते खांदे अभिमानानं दोन इंच वर चढलेले होते.

आगारात पाऊल टाकताच रुक्साना मुल्लानं तिला गाठलं. रुक्साना घाटातली सगळ्यात तरुण आणि बहुधा सगळ्यात चांगली चालक. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या.

"तुझा हत्ती उजवीकडं कलतोय, उत्कर्षा. धुकं आलं की मला वाटतंय गाडी उजव्या अंगावर पडाय लागली. मी डावीकडं सावरते, की लागलीच डोंगराला ठोकते. सगळ्यांचं त्येच झालंय. विचार कुणालाबी."

"आप्पांचं नाही झालं."

"तुझे आप्पा म्हंजे देवमाणूस," रुक्साना म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

आगारप्रमुख घोरपडे यांनी चहा मागवला आणि हात झटकले. "मॅडम, रोज सकाळी तुमचं यंत्र स्वतःच स्वतःचं कॅलिब्रेशन करतं. रोज हिरवा दिवा लागतो. हिरव्या दिव्यावर मी काय करणार? मला चालक द्या, नाहीतर यंत्र द्या. दिवाळीची गर्दी आहे."

उत्कर्षानं तपासायला घेतलं. हत्तीला नीट चालायचं तर आपले सहा पाय नक्की कुठे जोडलेत हे त्याला ठाऊक असावं लागतं. नकाशात एक जागा असते. प्रत्यक्षात वेल्डिंग करताना केसभर सरकलेलं असतं, वापरून सांधे झिजलेले असतात. म्हणून रोज सकाळी हत्ती पन्नासेक वेगवेगळ्या पवित्र्यांत उभा राहतो, आणि समोर भिंतीवर बसवलेला कॅमेरा पाटाच्या खाली उभी लावलेली ठिपक्यांची पट्टी बघतो. हातरुमालाएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर काळे गोल ठिपके. हत्तीला वाटतं ठिपके अमुक जागी गेले. कॅमेरा म्हणतो, नाही, तमुक जागी आहेत. हा जो फरक, तो सहा पायांच्या मापांत थोडा थोडा वाटून टाकायचा. वाटत वाटत फरक उरेनासा झाला की हिरवा दिवा.

दिवसभर तिनं हेच केलं. पाय तपासले, सांधे तपासले, मोटरी तपासल्या. कॅमेऱ्याची काच पुसली. हत्ती पन्नास पवित्रे करी आणि दिवा हिरवा. पुन्हा केलं, पुन्हा हिरवा. एवढं हिरवंगार तर गावात श्रावणात पण होत नसेल, असं तिच्या मनात आलं. यंत्र रुसलं असतं तर ती त्याची समजूत काढू शकली असती. हसत हसत खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं?

"आकडा हिरवा आहे ना?" नाडकर्णी फोनवर म्हणाले. "मग तक्रार चालकांची आहे, यंत्राची नाही. अहवाल दे आणि परत ये."

"सर, एक सोडून सगळे चालक एका रात्रीत कसे बिघडतील?"

"तो एक चांगला असेल."

"तो माझा बाप आहे, सर."

"मग तर आनंदच आहे!" नाडकर्णी म्हणाले, आणि उत्कर्षानं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे डोळे वटारले.

घरी चकलीच्या भाजणीचा वास भरून राहिला होता. आईनं, म्हणजे मंदाताईंनी, ताटं वाढेपर्यंत आप्पा नव्या फोटोची चौकट घेऊन खुर्चीवर चढले. संस्थेनं दिला होता तो, अव्वल आल्याबद्दल आप्पांच्या गळ्यात हार घातलेला. आप्पांनी खिळ्यावर चौकट टांगली, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा हलवली आणि खाली उतरले.

"सरळ हाय का न्हाई?"

चौकटीची उजवी बाजू चांगली बोटभर खाली होती. "वाकडा आहे, आप्पा."

"वाकडा कुटं? तुझं डोळं कंप्युटरवर बसून बसून गेलं. ह्या घरात रोज कोन फोटू वाकडे करतंय त्ये मला आधी कळू दे. तुझ्या आज्याचा, देवाचा, सगळे डावीकडं वढून ठेवल्याले असत्यात. रोज सकाळी मी येक येक नीट करतोय, सांजंपातूर पुन्ना तसंच!"

आप्पा हात धुवायला गेले. आईनं उलथनं खाली न ठेवताच डाव्या हातानं चौकट सरळ केली, आणि देवाच्या तसबिरीकडे बघून तिलाही हलका धक्का दिला. मग काहीच न झाल्यासारखी पोळी उलटायला वळली.

म्हाताऱ्यांची भांडणं, उत्कर्षाच्या मनात आलं. तीस वर्षांच्या संसारात आता तसबिरी उरल्यात भांडायला. तिला दिवसभराच्या हिरव्या दिव्याचा इतका वैताग आला होता की तिनं चार घास खाल्ले आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती आगारात आली तेव्हा कोपऱ्यात गवंडी भिंत घालत होते. त्यांची पाणसळ कठड्यावर पडली होती. लाकडी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा. उत्कर्षा पाणसळीकडे बघत उभी राहिली आणि स्वतःवरच चिडली. इतके दिवस सगळे हत्तीलाच विचारत होते, तू सरळ आहेस का? तो म्हणत होता, आहे. गावगुंडाला त्याच्याच वर्तणुकीचा दाखला मागावा, तसली गत. बंद असताना हत्ती चार लोखंडी ठोकळ्यांवर बसतो, त्यामुळे तो सरळच दिसायचा. चालू असताना कोणी त्याच्यावर पट्टी धरायला गेलेलं नव्हतं.

तिनं हत्ती चालू केला, "सपाट उभा राहा" असा हुकूम दिला, केबिनमध्ये चढली आणि पाणसळ तिथल्या तळावर आडवी ठेवली.

बुडबुडा डावीकडे पळाला. म्हणजे उजवी बाजू खाली होती. फार नाही, जेमतेम दोन अंश. धुक्यात डोंगराला ठोकायला तेवढं भरपूर झालं.

मग हिरवा दिवा कसा? कॅमेरा खोटं बोलत नसेल, तर कॅमेरा बघतो ते ठिपके खोटं बोलत असतील. तिनं यंत्र बंद केलं, अंगावर जुना कोट चढवला आणि उताणी होऊन पाटाखाली सरकली. डोक्यावर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या पडल्या. पट्टीवर टॉर्च मारला आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो आप्पा फक्त फोनसाठी वापरायचे.

पट्टीच्या उजव्या कडेचे पाचही ठिपके कुंकवानं माखले होते. माखले होते म्हणणंही बरोबर नाही. प्रत्येक ठिपक्यावर अनामिकेनं नीट, खालून वर ओढलेला, सुबक टिळा होता. तेलात कालवलेलं कुंकू चांगलं वाळून बसलं होतं.

"हे कोणी केलं?" ती पाटाखालूनच ओरडली.

बाहेर चालकांचा घोळका जमला होता. त्यातून आप्पांचा आवाज आला, जरासा फुशारकीचा. "मी क्येलं. खंडेनवमीची पूजा. आगारात सगळ्यात वडील मी, मान माझाच. गाडीला ड्रायव्हरच्या अंगाला टिळा लावत्यात. ह्येच्या अंगावर सगळं काळं लोखंड, टिळा दिसंना. बघतोय तर त्या अंगाला पांढऱ्या पाटीवर ठिपके आयतेच हुते."

"आयतेच!" उत्कर्षा बाहेर आली. केसांत पाकळ्या, कोटावर वंगण. "आप्पा, तो कॅमेरा काळापांढरा बघतो. त्याला शाई आणि कुंकू सारखंच. टिळे वर ओढलेत, म्हणजे त्याच्या दृष्टीनं उजव्या कडेचे ठिपकेच वर गेले. तो म्हणाला, अरे, उजवी बाजू वर झाली, खाली घ्या. आणि या मूर्ख हत्तीनं घेतली खाली! सहा पायांनी वर्गणी काढल्यासारखी ती चूक वाटून घेतली, प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी की एकावरही बोट ठेवता येईना. धुळीनं सारखा लाल दिवा लागतो म्हणून कंपनीनंही त्याला जरा सोसून घ्यायला शिकवलं होतं. झालं! सगळे सोसतायत आणि अंगण वाकडं!"

घोळक्यात आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. रुक्सानानं आनंदानं उत्कर्षाच्या पाठीत धपका घातला. घोरपडे साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. आप्पासुद्धा मिशीत हसले. "चला, यंत्राला बी कळलं पूजा म्हंजी काय असती ती."

उत्कर्षा फडकं आणि स्पिरिटची बाटली घेऊन पुन्हा पाटाखाली गेली. फडकं पहिल्या टिळ्यापर्यंत नेलं, आणि तिचा हात तिथंच थांबला.

हत्ती दसऱ्यापासून उजवीकडे कललेला होता. ज्याचा तोल ठीक, त्याला ते जाणवलं आणि तो नापास झाला. मग ज्याला जाणवलंच नाही तो? वाकडी केबिन ज्याला सरळ वाटली, आणि भाद्रपदातली सरळ केबिन ज्याला वाकडी वाटली होती? ज्याच्या हातून टांगलेली प्रत्येक तसबीर उजवीकडे खाली असते?

ती उताणी पडून राहिली. ठिपके तिच्या नाकासमोर होते. बाहेरून आवाज येत होते.

"नापास झालेल्यांची परत घेऊन टाकू लगेच," घोरपडे म्हणत होते. "शेलारांचा प्रश्न नाही. ते पास, तर पास. वाकड्या यंत्रावर पास झाले म्हणजे उलट जास्तच पास."

"बराबर हाय, सायेब," आप्पा म्हणाले.

किती सोपं होतं! टिळे पुसायचे, अहवाल लिहायचा, चकल्या खायच्या. आप्पांच्या निवृत्तीला एकच पावसाळा उरला होता. घाटातला चालक म्हणून त्यांना गावात जो मान होता त्यावरच ते जगत होते. घाट काढून घेतला तर त्यांनी दिवसभर करायचं काय, आईच्या डोक्यावर बसायचं? आणि कदाचित काही नसेलही. कदाचित चौकटीचा खिळाच वाकडा असेल. उत्कर्षाला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आप्पांचा, कुंकवाचा, नाडकर्ण्यांचा, स्वतःचा. सगळं तिच्याच वाट्याला का? धुकं उतरलं की उद्या पहाटे पन्नास माणसं आप्पांच्या मागे बसणार होती. त्यांना काय माहीत, पुढे बसलेल्याला सरळ म्हणजे काय वाटतं ते!

तिनं पाचही टिळे घासून पुसले आणि बाहेर आली.

"परीक्षा सगळ्यांची," ती म्हणाली. "दसऱ्यानंतरच्या सगळ्याच परीक्षा रद्द. पास झालेल्यांचीही."

पास झालेला एकच होता, त्यामुळे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बापाची परीक्षा घेनार तू?" आप्पा हळू आवाजात म्हणाले.

"यंत्र घेणार आहे, आप्पा. मी नाही."

हे खोटं होतं आणि दोघांनाही ते कळलं.

हत्तीनं नव्यानं पन्नास पवित्रे केले. हिरवा दिवा लागला, आणि या वेळी उत्कर्षानं आत जाऊन पाणसळीचा बुडबुडाही बघितला. तो मधोमध होता. एकेक चालक चढला आणि हसत उतरला. रुक्सानानं धुक्यातल्या अख्ख्या घाटातून गाडी अशी उतरवली की घोरपडे साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मग आप्पा चढले. पडद्यावर ऊन असेपर्यंत त्यांची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तीस वर्षं घाटात गेलेली होती, ती दिसत होती. मग पडदा पांढरा झाला. उत्कर्षाला खालून त्यांचे हात दिसत होते. ते हात उजवीकडे ओढायला लागले, थोडे, मग आणखी थोडे. गाडीनं मधली रेघ ओलांडली, समोरच्या बाजूला गेली, आणि कठडा तोडून निघून गेली. हत्तीनं एक गचका दिला आणि थांबला.

नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण त्या क्षणी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात आली असणार. एकाच्याही तोंडून ती बाहेर पडली नाही, याबद्दल उत्कर्षा त्या माणसांची जन्मभर ऋणी राहिली.

"डावीकडं कललंय यंत्र," आप्पा खाली उतरून म्हणाले. "पुसून पुसून हिनंच बिघडवलं."

उत्कर्षानं पाणसळ त्यांच्या हातात दिली. ते पुन्हा वर गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ही बी बिघडल्याली हाय," ते म्हणाले, आणि पाणसळ काखेत मारून तडक आगाराबाहेर चालते झाले. गवंडी मागून हाका मारत राहिला.

उत्कर्षा धावत घरी पोचली तर आप्पा अजून आले नव्हते. तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू रोज तसबिरी सरळ करतेस. कधीपासून?"

आई सोऱ्या दाबत राहिली. "झालं असंल वरीस."

"वर्ष! आणि बोलली नाहीस कोणाला? जिन्यावर त्यांच्या उजव्या अंगाला चालतेस, कोपराला हात लावून, ते मी कालपासून बघतेय. मला वाटलं प्रेम उतू चाललंय. तू त्यांना सावरत होतीस! सगळी चूक तू एकटी पोटात घालत होतीस, मग ती दिसणार कशी कोणाला? कळतंय का तुला, आई, ते पन्नास माणसं घेऊन घाटात..."

ती थांबली, कारण दारात आप्पा उभे होते. चपला न काढता ते आत आले, खुर्चीवर चढले आणि पाणसळ आज्यांच्या फोटोवर ठेवली. मग देवाच्या तसबिरीवर. मग हार घातलेल्या स्वतःच्या फोटोवर. तिन्ही ठिकाणी बुडबुडा मधोमध राहिला, आणि तिन्ही वेळा आप्पांनी मान वाकडी करून चौकटीकडे पाहिलं.

"मला ह्ये सगळं डावीकडं वढल्यालं दिसतंय, मंदा," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार बदलला होता. "मग मी रोज काय करत हुतो?"

"तुमी रोज वाकडं करत हुता. मी रोज सरळ करत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की! तुमी म्हनला, तुझा डोळा बिघडलाय. म्हनून मी जाऊन डोळं तपासलं. डॉक्टरनं चष्मा दिला. चष्मा लावून बघितलं, तरी वाकडंच दिसलं. मग म्हनलं जाऊ दे, आपुन सरळ करून टाकावं."

आप्पा खुर्चीवरून उतरले. उतरताना त्यांचा तोल किंचित गेला आणि आईचा पिठाचा हात आपसूक त्यांच्या उजव्या कोपराला लागला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तो त्यांना पहिल्यांदाच दिसला असावा.

"काल मी भरलेली गाडी घिऊन घाट उतरलो," ते म्हणाले. "लेकुरवाळ्या हुत्या गाडीत. ऊन हुतं म्हनून निभावलं." मग ते उत्कर्षाकडे वळले. "डॉक्टरकडं कवा जायाचं?"

उजव्या कानामागे, तोल सांभाळणाऱ्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ निघाली. साधी होती. वेळेत सापडली, असं कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेकांची ऐकू येईनासं झाल्यावर सापडते. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. घाटाची गाडी मात्र पुन्हा हाती लागणार नव्हती. आप्पांनी लायसन्स घोरपड्यांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं आणि रुक्सानाला, कोणी विचारलं नसताना, तिसऱ्या वळणावर गिअर कधी बदलायचा ते पुन्हा एकदा सांगितलं. उत्कर्षानं पुण्याला परतण्याआधी हत्तीच्या ड्रायव्हरच्या अंगाला एक कोरा पितळी पत्रा ठोकला, टिळ्यासाठी. नाडकर्ण्यांनी त्या पत्र्याचं बिल मागितलं.

ऑपरेशनसाठी निघाले तेव्हा पहाटेचं धुकं घाटात उतरलं होतं. दुसऱ्याच वळणाला उत्कर्षाची मोटार नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "पुढचं दिसत नाही, कृपया चालकाने ताबा घ्यावा," आणि मोकळी झाली. उत्कर्षानं स्टिअरिंग धरलं. घाटात धुक्यातून तिनं कधी गाडी हाकलेली नव्हती. शेजारी आप्पा सरसावून बसले होते, मागे आई मांडीवर डबा घेऊन.

"गाडी डावीकडं कलल्याली हाय का गं?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा. सरळ आहे."

आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि टेकून बसले.

"तू म्हनतीस तर सरळ," ते म्हणाले. "आता आईक. हितनं फुडं रस्ता मला दिसायची गरज न्हाई. वाईच हळू घे. डाव्या अंगाला वड लागंल, त्यो गेला की हॉर्न मार आनि उजवीकडं वळीव. दमानं. हां, अशी."

धुक्यातून वडाच्या पारंब्या गाडीच्या काचेला घासून गेल्या. उत्कर्षानं हॉर्न मारला आणि उजवीकडे वळवलं. रस्ता तिथंच होता.

"बघा," आई मागून म्हणाली. "माझं बी एवढंच ऐकलं असतं, तर ह्यो चष्मा नाकावर घिऊन हिंडायची पाळी आली नसती माझ्यावर."

"गप गं," आप्पा डोळे न उघडता म्हणाले, आणि त्यांचा हात मागे जाऊन तिचा हात शोधू लागला.